आतड्याची आतली भिंत : दाह झाला की पेशी कशा बदलतात

 

गेल्या दोन भागांत आपण जठर आणि यकृत पाहिलं. आज आतडं. त्यातही आतड्याची आतली भिंत, आणि ज्या दुखण्याला डॉक्टर ‘आयबीडी’ म्हणजे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणतात, त्या दुखण्यात या भिंतीच्या पेशींचं नेमकं काय होतं, हा विषय.

नवीन श्रोत्यांसाठी एकदा सांगतो. मी डॉक्टर नाही. आयुष्य फौजेत गेलं, शिक्षण पदवीपर्यंतचं. वाचतो, समजून घेतो आणि समजलं तेवढंच सांगतो. औषध कोणतं घ्यायचं हे मी सांगणार नाही. तुमच्या हातात जो रिपोर्ट येतो तो वाचता यावा आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा, एवढाच माझा हेतू.

हा विषय घेण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे शौचावाटे रक्त पडलं की माणूस स्वतःच ठरवून टाकतो, मूळव्याध आहे. आव पडली, मुरडा आला, की म्हणतो बाहेरचं खाल्लं असेल. मग कोणी कुड्याचं औषध देतं, कोणी बेलाचा मुरंबा, कोणी दुकानातून गोळ्या आणून देतं. चार दिवस बरं वाटतं. पुन्हा सुरू. असं करत वर्ष-दोन वर्षं जातात. मग जबलपूर, तिथून नागपूर, दुर्बीण, बायोप्सी, आणि हातात एक कागद येतो. त्यावर ‘क्रिप्ट डिस्टॉर्शन’, ‘गॉब्लेट सेल डिप्लीशन’ असलं काहीतरी लिहिलेलं असतं. घरातलं कोणालाच कळत नाही. आज आपण तो कागद उलगडू.

आयबीडी म्हणजे काय आणि काय नाही

आधी एक गोंधळ दूर करू. आयबीएस वेगळं आणि आयबीडी वेगळं. आयबीएसमध्ये पोट दुखतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. त्रास खरा असतो, पण दुर्बिणीतून पाहिलं तर भिंत शाबूत दिसते. आयबीडीमध्ये भिंतच जखमी झालेली असते. शरीराची संरक्षणव्यवस्था आतड्याच्या भिंतीत लढाई सुरू करते आणि ती थांबवायचा हुकूम कुठूनच येत नाही.

याचे दोन मुख्य प्रकार. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा फक्त मोठ्या आतड्यात होतो. गुदाशयापासून सुरू होऊन वर सलग पसरत जातो आणि बहुतेक वेळा भिंतीच्या सगळ्यात आतल्या थरापुरताच राहतो. दुसरा क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. मध्ये निरोगी पट्टा सोडून ठिकठिकाणी होतो आणि भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जातो. त्यामुळे क्रोन्समध्ये आतडं अरुंद होणं किंवा भगंदर होणं हे प्रकार जास्त.

हा फक्त गोऱ्यांचा रोग, असं आपल्याकडे बरीच वर्षं मानलं जात होतं. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली. ती २००३ साली प्रसिद्ध झाली. एक लाखात सुमारे ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं त्यात आढळलं. इंग्लंडमधल्या लेस्टर परगण्याचा १९९२ सालचा अभ्यास तर सांगतो की तिथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत या दुखण्याचं प्रमाण स्थानिक गोऱ्यांपेक्षा जास्त होतं. म्हणजे बीज आपल्यातही आहे. हवा-पाणी, खाणंपिणं बदललं की ते उगवतं. ज्यांची मुलंबाळं परदेशात आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

निरोगी भिंत कशी असते

लहान आतडं साधारण सहा मीटर, मोठं साधारण दीड मीटर. जुन्या पुस्तकांत पचनमार्गाची आतली बाजू टेनिसच्या मैदानाएवढी असल्याचं लिहिलेलं असायचं. स्वीडनच्या दोन संशोधकांनी नव्याने मोजमाप करून २०१४ साली हा आकडा सुमारे ३२ चौरस मीटरवर आणला. म्हणजे साधारण अर्धं बॅडमिंटन कोर्ट. तरीही लहान नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या मोठ्या सीमेवर बाहेरचं जग आणि आपलं रक्त यांच्यामध्ये पेशींची फक्त एक रांग असते. एकच. तिची जाडी माणसाच्या केसापेक्षाही कमी. मोठ्या आतड्यात एका बाजूला अब्जावधी जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला आपण. सीमेवर नोकरी केलेल्या माणसाला हे ऐकून थोडा घामच फुटतो. अशी सीमा राखायची तर संतरी सतत बदलत ठेवावे लागतात. आतडं नेमकं तेच करतं.

मोठ्या आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर लाखो बारीक खड्डे असतात. त्यांना क्रिप्ट म्हणतात. वरून पाहिलं तर मधमाशांच्या पोळ्यासारखे दिसतात. उभा छेद घेतला तर प्रयोगशाळेत स्टँडवर ओळीने लावलेल्या परीक्षानळ्यांसारखे, सरळ आणि एकमेकांना समांतर. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. हॉलंडमधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ साली या पेशींची खात्रीची खूण शोधून काढली. मूळ पेशीचं विभाजन होतं. नवी पेशी खड्ड्याच्या कडेने वर सरकत जाते, सरकता सरकता आपलं काम शिकते, वर पोचून ड्यूटी करते आणि झडून जाते. हे सगळं तीन ते पाच दिवसांत. आज तुमच्या आतड्याच्या पृष्ठभागावर असलेल्या जवळजवळ सगळ्या पेशी पुढच्या आठवड्यात तिथे नसतील.

या पेशींची कामं वाटलेली असतात. बहुसंख्य पेशी पाणी आणि क्षार शोषून घेतात. त्यांच्या मधेमधे चषक पेशी असतात, इंग्रजीत गॉब्लेट. पेल्यासारखा आकार आणि पोटात चिकट द्रव भरलेला. काही पेशी संप्रेरकं सोडतात, काही परजीवींचा सुगावा घेतात. लहान आतड्यात खड्ड्याच्या तळाशी पॅनेथ पेशी असतात. व्हिएन्नाच्या योसेफ पॅनेथ यांचं नाव त्यांना मिळालं. जिवाणूंना मारणारी द्रव्यं त्या बनवतात. मोठ्या आतड्यात पॅनेथ पेशी फक्त सुरुवातीच्या, उजव्या भागात सापडतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दाह झाला की काय काय बदलतं

सोयीसाठी पाच बदल सांगतो. हे एकामागून एक होतात असं नाही. बहुतेक एकत्रच चालू असतात आणि एकमेकांना खतपाणी घालतात.

पहिला बदल चिकट थराचा. निरोगी मोठ्या आतड्यात या बुळबुळीत आवरणाचे दोन पदर असतात. बाहेरच्या पदरात जिवाणू राहतात. आतला पदर दाट असतो आणि त्यात जिवाणू जवळजवळ शिरतच नाहीत. हे स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली उंदरांमध्ये दाखवून दिलं. हा थर मुख्यतः एमयूसी-२ नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि ते प्रथिन बनवतात चषक पेशी. ज्या उंदरांत हे प्रथिन बनतच नाही, त्यांना आपोआप आतड्याचा दाह होतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये चषक पेशी कमी होतात, उरलेल्या रिकाम्या होतात, आतला पदर पातळ आणि विरळ होतो. जिवाणू थेट पेशींच्या रांगेला भिडतात. सीमेपुढची मोकळी पट्टीच नाहीशी झाली असं समजा.

दुसरा बदल शिवणीचा. शेजारच्या दोन पेशी वरच्या टोकाला प्रथिनांनी घट्ट शिवलेल्या असतात. या शिवणीतून पाणी आणि क्षार हिशेबाने जातात, मोठे रेणू आणि जिवाणू जात नाहीत. दाहामध्ये संरक्षक पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन-१३ असे रासायनिक संदेश सोडतात. त्यांच्या परिणामाने शिवण घट्ट ठेवणारी प्रथिनं कमी होतात आणि क्लॉडिन-२ नावाचं, छिद्र पाडणारं प्रथिन वाढतं. टीएनएफमुळे पेशीच्या आतला आकुंचनाचा दोर ताणला जातो आणि शिवण उसवते. मग पाणी उलटं आतड्यात येतं, म्हणून पातळ शौच. आणि आतड्यातला माल भिंतीत शिरतो, म्हणून आणखी दाह.

तिसरा बदल रसदीचा. शरीरातल्या बहुतेक पेशींना रसद रक्तातून मिळते. मोठ्या आतड्याच्या पेशींचं तसं नाही. आपण खाल्लेला चोथा, म्हणजे डाळी, वाटाणे, भाज्या, धान्याचा कोंडा, यांतला न पचलेला भाग जिवाणू आंबवतात. त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या पेशी आपली निम्म्याहून जास्त ऊर्जा त्यावर भागवतात. शल्यचिकित्सक रोएडिगर यांनी १९८० साली हे दाखवलं. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांच्या पेशींना ब्युटिरेट नीट जाळता येत नाही, हेही त्यांनीच दाखवलं आणि हा ऊर्जेच्या टंचाईचा रोग तर नाही ना, असा प्रश्न विचारला. त्या प्रश्नाला पुढे एक जोड मिळाली. निरोगी पेशी ब्युटिरेट जाळताना ऑक्सिजन खूप वापरतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत ऑक्सिजन फारसा उरत नाही आणि चोथा आंबवणारे उपयोगी जिवाणू तिथे सुखाने राहतात. पेशींनी इंधन बदललं की ऑक्सिजन पोकळीत झिरपतो, उपयोगी जिवाणू मागे पडतात आणि उपद्रवी वाढतात, असा एक विचार आज बरेच संशोधक मांडतात.

चौथा बदल खड्ड्यांच्या रचनेचा. पांढऱ्या पेशी, ज्यांना न्यूट्रोफिल म्हणतात, रक्तातून येऊन खड्ड्याच्या भिंतीत घुसतात. पुढे खड्ड्याच्या पोकळीत जमा होतात आणि तिथे बारीक गळू तयार होतं. अशी शेजारशेजारची गळवं फुटली की व्रण पडतो. भरून येताना घाई असते. मूळ पेशी भराभर विभागतात, अर्धवट शिकलेल्या पेशी वर पाठवल्या जातात आणि नवे खड्डे जसे जमतील तसे उभे राहतात. कोणी वाकडा, कोणाला दोन फांद्या, कोणी आखूड, तळापर्यंत न पोचलेला. स्टँडवरच्या सरळ परीक्षानळ्या आता आडव्यातिडव्या दिसतात. दाह ओसरल्यावरही हे वाकडेपण बरेचदा राहतं.

पाचवा बदल मला सगळ्यात विलक्षण वाटतो. पेशी आपलं खातंच बदलतात. मघाशी म्हटलं की पॅनेथ पेशी मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात नसतात. दीर्घकाळ दाह राहिला की त्या तिथेही दिसू लागतात. जिथे लढाई लांबली तिथे दारूगोळ्याचा कारखानाच उभा राहिला, असं म्हणा. क्रोन्समध्ये लहान आतड्यात जठराच्या ग्रंथींसारख्या ग्रंथी उगवतात. २०१९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसचे १८ रुग्ण आणि १२ निरोगी माणसं यांच्या मोठ्या आतड्यातल्या ३,६६,६५० पेशी एकेक करून तपासल्या. त्यांना ५१ प्रकारच्या पेशी सापडल्या. निरोगी मोठ्या आतड्यात क्वचितच दिसणाऱ्या, पोकळीतला माल उचलून संरक्षक पेशींना दाखवणाऱ्या ‘एम’ जातीच्या पेशी दाहाच्या जागी वाढलेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या गटाने दाखवलं की चषक पेशींचं एक राखणदार प्रथिन या रोगात कमी होतं, आणि ते कमी झालं की भिंतीची राखण ढिली पडते.

आता कोणी विचारेल, आधी भिंत बिघडते की आधी संरक्षण पेटतं? दोन्ही दिशांनी पुरावे आहेत. आनुवंशिक अभ्यासांत या रोगाशी निगडित दोनशेहून जास्त जागा सापडल्या आहेत. काही भिंतीच्या पेशींशी संबंधित, काही संरक्षक पेशींशी, काही जिवाणू ओळखण्याशी. २००१ साली क्रोन्सशी जोडलेला पहिला जनुक सापडला, एनओडी-२. युरोपीय रुग्णांत त्याचे जे तीन दोष वारंवार दिसतात, ते भारतीय रुग्णांत जवळजवळ सापडत नाहीत. म्हणजे त्यांचा नकाशा आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. हे काम आपल्याच संस्थांना करावं लागणार.

बायोप्सीचा कागद कसा वाचायचा

दुर्बीण घालून डॉक्टर चिमट्याने तिळाएवढे तुकडे घेतात. वेगवेगळ्या जागांचे, वेगवेगळ्या बाटल्यांत. जिथे लाल दिसतं तिथलेच नाही, निरोगी दिसणाऱ्या जागेचेही. कारण रोग सलग आहे की तुटक, हे त्यावरूनच कळतं. आता कागदावरचे शब्द.

‘क्रिप्टायटिस’ आणि ‘क्रिप्ट अॅब्सेस’ : पांढऱ्या पेशी खड्ड्याच्या भिंतीत आणि पोकळीत शिरल्या आहेत. दाह आत्ता चालू आहे, एवढंच यावरून कळतं. साध्या जंतुसंसर्गातही हे दिसू शकतं.

‘क्रिप्ट डिस्टॉर्शन’ किंवा ‘ब्रँचिंग’ : खड्डे वाकडे किंवा फांद्या फुटलेले. म्हणजे मोडतोड आणि डागडुजी बरेच दिवस चालू आहे. चार दिवसांच्या जुलाबाने सहसा असं होत नाही.

‘बेसल प्लाझ्मासायटोसिस’ : खड्ड्यांच्या तळाखाली प्लाझ्मा पेशींची गर्दी. नव्या रुग्णात हे दिसलं तर दुखणं साध्या संसर्गाचं नसून आयबीडीचं असण्याची शक्यता वाढते. खड्डे वाकडे होण्याच्या आधीही हे दिसू शकतं.

‘गॉब्लेट सेल डिप्लीशन’ : चषक पेशी घटल्या. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये जास्त. क्रोन्समध्ये त्या तुलनेने टिकून असतात.

‘पॅनेथ सेल मेटाप्लेशिया’ : डाव्या बाजूला पॅनेथ पेशी दिसल्या. दुखणं जुनं असल्याची खूण. याचा अर्थ कर्करोग नव्हे, घाबरू नका.

‘ग्रॅन्युलोमा’ : संरक्षक पेशींची गाठ. क्रोन्समध्ये दिसते आणि क्षयरोगातही दिसते. इथेच आपल्या देशाचा मोठा प्रश्न सुरू होतो.

‘डिस्प्लेशिया’ : पेशींची ठेवण कर्करोगाच्या दिशेने झुकली आहे. हा शब्द दिसला तर कागद घडी करून कपाटात ठेवायचा नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं.

क्षयरोग की क्रोन्स

लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं, तो उजव्या कुशीखालचा भाग क्षयरोगालाही आवडतो आणि क्रोन्सलाही. ताप, वजन घटणं, पोटदुखी, व्रण, आतडं अरुंद होणं, सगळं सारखंच. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाच्या गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळलेल्या आणि मधोमध चक्क्यासारख्या सडलेल्या असतात. क्रोन्सच्या गाठी लहान, विरळ आणि न सडलेल्या. पण तीळभर तुकड्यात दरवेळी ठळक पुरावा सापडतोच असं नाही.

म्हणून आपल्याकडे पुष्कळदा आधी क्षयाची औषधं दिली जातात. यात गैर काही नाही. गैर होतं ते नंतर. औषधं सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, हे पाहायला हवं. क्षय असेल तर तोवर व्रण भरू लागलेले असतात. रुग्णाला नुसतं बरं वाटणं हा पुरावा धरता येत नाही, कारण क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर थोडं बरं वाटतं. तपासणी न करता सहा महिने, नऊ महिने, वर्षभर क्षयाची औषधं चालू राहिली आणि रोग क्रोन्सचा असला, तर तेवढ्या काळात भिंत जाड होऊन आतडं कायमचं आखडू शकतं.

उलट बाजूही तितकीच धोक्याची. टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं क्रोन्सवर १९९८ पासून वापरात आली. २००१ साली लक्षात आलं की त्यांच्यामुळे शरीरात दबून बसलेला क्षय उठू शकतो. म्हणून आपल्या देशात अशी औषधं सुरू करण्याआधी छातीचा फोटो आणि क्षयाच्या तपासण्या करतात. त्या टाळू नका आणि घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असेल तर लाज न बाळगता सांगा.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना एक गोष्ट ओळखीची वाटेल. क्रोन यांनी अमेरिकेत १९३२ साली या रोगाचं वर्णन केलं, पण त्याआधी १९१३ साली स्कॉटलंडच्या डॅल्झिल नावाच्या शल्यचिकित्सकाने असे रुग्ण पाहिले होते आणि जनावरांच्या योनी रोगाशी त्यांची तुलना केली होती. योनी हे शोध लावणाऱ्या जर्मन पशुवैद्याचं आडनाव, गैरसमज नको. त्या रोगात गाय-म्हैस चांगलं खाऊनही पातळ हगते आणि हाडं वर येतात. तो रोग क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदामुळे होतो. माणसातल्या क्रोन्सशी त्या जिवाणूचा संबंध आहे का, यावर अजूनही वाद आहे.

बरं वाटणं आणि बरं होणं

माझ्या पलटणीत एक नाईक होता. नाव सांगत नाही. तोफखान्याच्या भाषेत सांगायचं तर पहिला गोळा निशाण्यावर टाकणारा गडी. त्याला रक्त पडायचं. पण मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडेल, म्हणून त्याने वर्षभर कोणालाच सांगितलं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून संडासला जाऊन यायचा. परेडमध्ये चक्कर येऊन पडला तेव्हा उघड झालं. अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. उपचार झाले, दोन महिन्यांत रक्त थांबलं, चेहऱ्यावर तेज आलं. सुटीवर गावी गेला आणि घरच्यांच्या सांगण्यावरून औषध सोडलं. बरा झालास ना, मग गोळ्या कशाला? चार महिन्यांनी परत आला तो स्ट्रेचरवर. जीव वाचला, पण मोठं आतडं काढावं लागलं.

घरच्यांनी वाईट चिंतलं नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच की रक्त थांबलं. भिंतीचं काय चाललंय हे बाहेरून दिसत नाही. रक्त थांबायला पृष्ठभागावर पातळसा पापुद्रा धरला तरी पुरतं. खाली चिकट थर अजून विरळ असतो, शिवण ढिली असते, पांढऱ्या पेशी खड्ड्यांत दबा धरून असतात. म्हणून आज जगभरचे तज्ज्ञ उपचाराचं ध्येय नुसतं ‘त्रास थांबला’ इथे ठेवत नाहीत, तर ‘दुर्बिणीतून भिंत भरलेली दिसली’ इथे ठेवतात. दरवेळी दुर्बीण घालायची नसेल तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. ते न्यूट्रोफिल पेशींमधलं प्रथिन आहे. शौचात ते वाढलेलं असेल तर आत दाह चालू असण्याचा संभव मोठा.

भिंत भरली तरी मूळ पेशी सगळं विसरत नाहीत. जपानच्या दोन गटांनी २०२० साली दाखवलं की वर्षानुवर्षं दाह झालेल्या आतड्यात काही मूळ पेशींच्या जनुकांत बदल होतात, त्या दाहाला दाद देत नाहीत आणि हळूहळू आजूबाजूचे खड्डे व्यापत जातात. त्यातले बहुतेक बदल कर्करोगाकडे नेणारे नसतात. पण दीर्घकाळ, मोठ्या भागात दाह असेल तर कर्करोगाची जोखीम वाढते, हे नक्की. म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण आठ वर्षांनी, त्रास नसला तरी, देखरेखीची दुर्बीण सुरू करतात.

कोणतं औषध कुठे काम करतं

थोडक्यात सांगतो. मेसालामिन हे भिंतीच्या पेशींवर जागच्या जागी काम करतं, म्हणून ते गोळी, एनिमा, सपोझिटरी अशा रूपात जखमेपर्यंत पोचवतात. सपोझिटरीला लाजून फक्त गोळी घेणारे पुष्कळ असतात. रोग गुदाशयात असेल तर गोळी तिथवर पुरेशी पोचत नाही. स्टिरॉइड भडका विझवतं. १९५५ साली इंग्लंडमध्ये ट्रुलव्ह आणि विट्स यांच्या चाचणीने ते सिद्ध झालं. पण विझवल्यानंतर भिंत राखायचं काम स्टिरॉइडचं नाही, आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतलं तर हाडं, साखर, डोळे सगळ्यांवर परिणाम होतो. पुढची औषधं संदेश तोडतात. कोणी टीएनएफ रोखतं, कोणी पांढऱ्या पेशींना आतड्यात शिरू देत नाही, कोणी पेशीच्या आतली तार कापतं.

जपानमध्ये २०२२ साली एका रुग्णाच्या स्वतःच्याच निरोगी आतड्यातल्या मूळ पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्याच्या व्रणावर लावण्यात आल्या. अजून प्रयोगाची पायरी आहे. आपल्याकडे उद्या मिळेल असं कोणी सांगून पैसे मागत असेल तर दार लावून घ्या.

खाण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. आपल्या भागात हिवाळ्यात वाटाण्याचे ढीग लागतात, मग वाटाणे खावेत का? भिंत शांत असताना आणि आतडं कुठे अरुंद नसताना, सोसेल तेवढा चोथा पोटात जाणं चांगलं, कारण त्याचंच ब्युटिरेट होतं. भडका उठलेला असताना किंवा क्रोन्समुळे आतडं आखडलेलं असताना तोच चोथा अडकून बसू शकतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून मऊ खावं. बिडी-सिगारेट क्रोन्सला बिघडवते, यात वाद नाही. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या काहींच्या आतड्याचा भडका उठवतात. आपल्या वयाच्या लोकांनी हे विशेष ध्यानात घ्यावं.

काय विचारायचं, कधी धावायचं

डॉक्टरांकडे जाताना हे प्रश्न लिहून न्या. रोग कोणता आणि किती भागात आहे? क्षयाची शक्यता तपासली का, आणि क्षयाची औषधं चालू असतील तर पुन्हा दुर्बीण कधी? भिंत भरली का हे कशावरून पाहणार? हे औषध किती काळ, आणि सोडायचं झालं तर कोण ठरवणार? देखरेखीची दुर्बीण कोणत्या वर्षापासून?

आणि काही खुणा पाठ करून ठेवा. तीन-चार आठवडे रक्त किंवा आव पडत असेल, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागत असेल, वजन उतरत असेल, तर मूळव्याध म्हणून गप्प बसू नका. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी जलद असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. गाडी काढायची आणि दवाखाना गाठायचा.

पुढच्या भागात स्वादुपिंड. ज्यांच्या घरी आयबीडीचा रुग्ण आहे, त्यांनी बायोप्सीच्या शब्दांचं प्रकरण कागदावर उतरवून फायलीत ठेवावं. येतो मग. नर्मदे हर.